कोरलमध्ये हात बसलाय, पण फ्लेक्सबॉक्समध्ये चौकटी जागेवर राहत नाहीत

शहापूर डीटीपी:

नमस्कार. बेळगावात शहापूरला एका छापखान्यात मी डीटीपी करते, १९ वर्षं झाली. लग्नपत्रिका हे मुख्य काम. बाकी पावतीपुस्तकं, यात्रेची हँडबिलं, सोसायट्यांचे अहवाल. आमच्या भागात एका पत्रिकेत दोन भाषा ही रोजची गोष्ट. मुलगी चंदगडकडची आणि मुलगा गोकाकचा असला, की डाव्या पानावर 'आमचे येथे श्रीकृपेकरून' आणि उजव्या पानावर तोच मजकूर कन्नडमध्ये. दोन्ही बाजू एका उंचीला, दोन्हीकडचा मुहूर्त एका रेषेत. कागदावर हे मी न बघता करते. वेबपेजवर तेच महिनाभर जमेना, म्हणून लिहितेय.

आमच्या मालकांना पत्रिकांच्या नमुन्यांचं पान हवंय. गिऱ्हाईक आता अल्बम चाळायला येत नाही, 'फोटो टाका की हो व्हॉट्सॲपवर' म्हणतं. मी संध्याकाळचा दोन महिने एचटीएमएल-सीएसएसचा, म्हणजे वेबपानं लिहायच्या भाषांचा, क्लास केला आणि पान करायला घेतलं. पहिल्यांदा सगळं कोरलसारखं केलं, म्हणजे छपाईची पानं मांडायच्या कोरलड्रॉ सॉफ्टवेअरमध्ये करते तसं. पोझिशन: ॲब्सोल्यूट, डावीकडून ३४० पिक्सेल, वरून १२० पिक्सेल. कोरलमध्ये वस्तू ठेवली तिथं राहते, कारण कागदाचं माप ठरलेलं असतं. प्रेसमधल्या स्क्रीनवर पान जसं काढलं तसंच दिसलं. मग मालकांनी काउंटरवर, हिंडलग्याहून आलेल्या एका गिऱ्हाइकासमोर, ते मोबाइलवर उघडलं. मेनू गणपतीच्या चित्रावर चढलेला, दराचा आकडा नमुन्याच्या मधोमध आलेला. मालक काही बोलले नाहीत. मोबाइल खिशात घातला आणि कपाटातून जुना अल्बम काढला. मला फार लागलं ते. त्या रात्री सगळी फाइल पुसली आणि फ्लेक्सबॉक्स, म्हणजे वस्तू ओळीत मांडायची सीएसएसची पद्धत, शिकायला बसले.

अडलंय ते सांगते. प्रॉपर्ट्यांची, म्हणजे सीएसएसमधल्या सूचनांची, नावं इथं देवनागरीत लिहितेय, फाइलमध्ये ती अर्थातच रोमनमध्ये आहेत.

वरच्या पट्टीत डावीकडं आमचं गणपतीचं बोधचिन्ह आणि उजवीकडं मेनू. पट्टीला डिस्प्ले: फ्लेक्स दिलं तसे दोघे शेजारी आले. जस्टिफाय-कंटेंट: स्पेस-बिटवीन दिल्यावर मेनू उजव्या कडेला गेला. इथवर बरं चाललं होतं. पण मोबाइलवर मेनूच्या तीन ओळी झाल्या आणि गणपती उभा ताणला गेला. देवाचं चित्र तसं लांबट झालेलं मला बघवेना.

त्याखाली नमुन्यांच्या १० चौकटी. प्रत्येकीत फोटो, मराठी नाव, कन्नड नाव, दर आणि 'विचारा' असं बटण. मराठीत 'लग्नपत्रिका' एका ओळीत मावतं, कन्नडमध्ये 'मदुवेय आमंत्रण पत्रिके' दोन ओळी घेतं. काही नावं एकाच ओळीची आहेत. त्यामुळं बटणं कुठं वर, कुठं खाली. चौकटींची उंचीसुद्धा एकसारखी नाही, आणि मी तर अलाईन-आयटम्स: सेंटर दिलंय. सेंटर दिलं की सगळ्या रांगेत येतील असं मला वाटलं होतं. मोबाइलवर याहून वाईट. सगळ्या चौकटी एकाच ओळीत दाटीवाटीनं, बारीक पट्ट्यांसारख्या, आणि पान बोटाखाली आडवं सरकतं.

तिसरं, 'धन्यवाद, आम्ही फोन करू' एवढंच लिहिलेलं एक छोटं पान आहे. त्यातली चौकट पानाच्या बरोब्बर मधे हवी. जस्टिफाय-कंटेंट आणि अलाईन-आयटम्स दोन्हींना सेंटर दिलं. आडवी मधोमध आली, पण उभ्या दिशेनं वरच चिकटून राहिली.

क्लासच्या नोट्समध्ये काही ठिकाणी डिस्प्ले: बॉक्स असं आहे. ते टाकून बघितलं, काहीच फरक पडत नाही.

एक विनंती. तयार कोड देऊ नका. तो मी उतरवून घेईन आणि पुढच्या पानाला परत इथंच अडेन. वस्तू ठेवताना डोक्यात काय धरायचं, ते सांगा.

चोर्ला घाट:

ताई, मी मूळचा जांबोटीचा, आता पुण्यात हेच काम करतो. काय दिलं आणि काय दिसलं हे तुम्ही इतकं स्वच्छ सांगितलंय की उत्तर द्यायला सोपं गेलं.

आधी नोट्सचं मिटवू. डिस्प्ले: बॉक्स ही २००९ च्या पहिल्या मसुद्यातली भाषा. २०११ मध्ये त्याचं डिस्प्ले: फ्लेक्सबॉक्स झालं आणि २०१२ पासून आजचं डिस्प्ले: फ्लेक्स. तिन्ही काळातले लेख नेटवर अजून एकत्र फिरतात. ज्या पानावर 'बॉक्स' दिसेल ते पान बाजूला ठेवा, त्यातलं बाकीचंही जुनंच असणार.

आता डोक्यात काय धरायचं ते. कोरलमध्ये तुम्ही प्रत्येक वस्तूला तिची जागा सांगता. फ्लेक्सबॉक्समध्ये वस्तूला जागा सांगायचीच नाही. बाहेरच्या डब्याला सांगायचं, की आतल्या वस्तू बसवून जी जागा उरेल ती अशी अशी वाट. वस्तू कुठं पडेल हे त्या वाटणीतून ठरतं. मोबाइल लहान झाला की उरलेली जागा कमी होते, वाटणीचा नियम तोच राहतो. म्हणून काहीही अडकलं की पहिला प्रश्न हाच विचारायचा: या दिशेला जागा उरलीय किती, आणि ती कुणी घेतली?

दिशा दोन. डब्यातल्या वस्तू ज्या दिशेनं एकामागोमाग लागतात ती मुख्य दिशा, तिला काटकोनात असलेली दुसरी. जस्टिफाय-कंटेंट नेहमी मुख्य दिशेला चालतं, अलाईन-आयटम्स नेहमी दुसऱ्या दिशेला. फ्लेक्स-डिरेक्शन: रो असेल तर मुख्य दिशा आडवी, कॉलम केलं की उभी, आणि मग दोघांची कामं अदलाबदल होतात. 'जस्टिफाय म्हणजे आडवं, अलाईन म्हणजे उभं' असं पाठ केलेल्या माणसाचा कॉलम केल्यावर गोंधळ होणारच. मी स्वतः सहा महिने तसं पाठ धरून बसलो होतो, ते विसरायला जास्त वेळ लागला.

तुमचा गणपती का ताणला गेला? अलाईन-आयटम्स तुम्ही काही दिलं नाही तर ते स्ट्रेच असतं. म्हणजे ओळीतली सगळ्यात उंच वस्तू जेवढी, तेवढ्या सगळ्या उंच. मेनू तीन ओळींचा झाला, चित्रही तेवढं वाढलं. पट्टीला अलाईन-आयटम्स: सेंटर द्या, चित्र आपल्या मापात राहील.

आणि चौकटींना नेमकं उलट हवं. तिथं स्ट्रेचच तुमच्या कामाचा होता, तो तुम्ही सेंटर देऊन काढून टाकलात. ती ओळ खोडा, एका रांगेतल्या सगळ्या चौकटी आपोआप एका उंचीच्या होतील.

बटणासाठी प्रत्येक चौकटीलाही आतून फ्लेक्स करा, फ्लेक्स-डिरेक्शन: कॉलम. मग बटणाला मार्जिन-टॉप: ऑटो. चौकटीत उभ्या दिशेनं जेवढी जागा उरली असेल तेवढी सगळी बटणाच्या वर जाईल आणि बटण तळाला बसेल, कन्नड नाव एक ओळीचं असो की दोन. बटण आता चौकटीभर रुंद दिसेल, कारण कॉलममध्ये स्ट्रेच आडवा चालतो. नको असेल तर त्या एकट्या बटणाला अलाईन-सेल्फ: फ्लेक्स-स्टार्ट.

धन्यवादाच्या पानात डब्याची उंची आतल्या चौकटीएवढीच आहे. उभ्या दिशेला जागा उरलेलीच नाही, मग सेंटर वाटणार काय? डब्याला मिन-हाइट: १०० व्हीएच द्या, म्हणजे निदान स्क्रीनएवढी उंची. तुमचं सेंटर बरोबरच होतं.

मोबाइलवरच्या दाटीचं कारण फ्लेक्स-रॅप. सांगितलं नाही तर ते नोरॅप असतं, आणि वस्तू खाली उतरण्याऐवजी आक्रसत जातात. फ्लेक्स-रॅप: रॅप द्या. चौकटींमधल्या अंतराला मार्जिन न देता डब्याला गॅप द्या. २०२१ पासून सगळ्या मोठ्या ब्राउझरांत फ्लेक्सबॉक्सला गॅप चालतं. पहिल्या आणि शेवटच्या चौकटीचं मार्जिन काढत बसायची कटकट गेली.

जुना जुळारी, निपाणी:

वरचं उत्तर उत्तम आहे. मला फक्त शहापूरच्या ताईंशी एक छापखान्यातली गोष्ट बोलायचीय, कारण ती त्यांना लगेच पोचेल.

मी २२ वर्षं खिळे (छपाईची शिशाची सुटी अक्षरं) जुळवले. ऑफसेट आल्यावर डीटीपी शिकलो, आता निवृत्त आहे आणि आमच्या गल्लीतल्या वाचनालयाचं वेबपान सांभाळतो. जस्टिफाय हा शब्द सीएसएसमध्ये पहिल्यांदा वाचला तेव्हा मी खुर्चीत सरळ होऊन बसलो. हे आमचं काम!

स्टिक, म्हणजे ओळ जुळवायची पट्टी, डाव्या हातात, माप २४ एमला लावलेलं (एम म्हणजे टाइपाच्या आकाराएवढं माप). उजव्या हातानं केसमधून, म्हणजे खिळ्यांच्या खणांच्या पेटीतून, खिळा उचलायचा, खाच अंगठ्याला लागली की सुलटा आहे ते कळायचं, बघावं लागत नसे. समजा ७ शब्द जुळवले आणि ते २१ एम भरले. ३ एम उरले. ७ शब्दांत फटी ६. प्रत्येक फटीत अर्ध्या एमाची स्पेस. ओळ इतकी घट्ट बसली पाहिजे, की स्टिक कलती केली तरी खिळा पडू नये. सैल राहिली तर फर्मा (जुळवून बांधलेली पानं) उचलताना पाई होते, म्हणजे सगळे खिळे जमिनीवर आणि दिवस वाया. याला आम्ही ओळ जस्टिफाय करणं म्हणायचो. तुमचं स्पेस-बिटवीन म्हणजे हीच वाटणी, कडेला काही नाही, सगळं फटींत.

शीर्षक मधे घ्यायचं तर दोन्ही बाजूंना सारखे क्वाड, म्हणजे रिकाम्या जागेचे शिशाचे ठोकळे. 'आपले कृपाभिलाषी' उजवीकडं घ्यायचं तर डावी बाजू क्वाडांनी भरायची. मार्जिन-लेफ्ट: ऑटो दिलं की ब्राउझर तेच करतो, डावीकडं क्वाड भरत जातो आणि वस्तू उजवीकडं ढकलली जाते. तुमच्या बटणाचं मार्जिन-टॉप: ऑटो म्हणजे वरून भरलेले क्वाड. कोरलमध्ये तुम्ही हे क्वाड कधी पाहिले नाहीत, कारण कोरलमध्ये रिकामी जागा ही वस्तू नसते. खिळ्यांच्या कामात रिकामी जागासुद्धा शिशाची असते, हातात धरता येते, मोजता येते. मी फ्लेक्सबॉक्स शिकलो ते असंच धरून, की रिकामी जागा हा माल आहे आणि तो कुठंतरी भरावाच लागतो.

दोन ठिकाणी ही तुलना सोडावी लागते. खिळा दाबून बारीक होत नाही, शब्द मावला नाही तर पुढच्या ओळीत. ब्राउझरमधल्या वस्तू मात्र सांगितलं नाही तर आक्रसतात, फ्लेक्स-श्रिंक मुळात १ असतं. ज्या चित्राचं माप कमी झालेलं चालणार नाही त्याला फ्लेक्स-श्रिंक: ० द्यायचं, म्हणजे ते शिशाचं झालं. आणि जस्टिफाय-कंटेंट चौकटी हलवतं, चौकटीतल्या मजकुराच्या ओळींना हात लावत नाही. त्यासाठी टेक्स्ट-अलाईन वेगळं. अरुंद चौकटीत मराठी मजकुराला टेक्स्ट-अलाईन: जस्टिफाय देऊ नका, शब्दांमध्ये भगदाडं पडतात. कन्नडचे शब्द आणखी लांब, तिथं तर अजिबात नको.

शहापूर डीटीपी:

काका, 'रिकामी जागा हा माल आहे' हे मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं. आमच्या प्रेसमध्ये माडीवर खिळ्यांची एक केस अजून पडून आहे, वर जाऊन एक क्वाड हातात घेऊन आले. आणि घाटवाले दादा, तुमचं उत्तर समोर ठेवून शनिवारी रात्री बसले. मधे तासभर लाईट नव्हती, तेवढ्यात वहीत डबे काढून कुणाची मुख्य दिशा कुठली ते बाण मारून ठेवले. लाईट आल्यावर बहुतेक सगळं पहिल्या फटक्यात बसलं. गणपती जसा हवा तसा. बटणं दहाच्या दहा आपापल्या ओळीत एका रेषेत. कन्नड नाव दोन ओळींचं असूनही बटण हललं नाही, तेव्हा मी मुलाला झोपेतून उठवून दाखवलं.

आता राहिलंय ते असं. पानाची रुंदी ११०० पिक्सेल, चौकट २६० ची, गॅप २०. एका ओळीत ४ बरोबर बसतात. १० चौकटी, म्हणजे शेवटच्या ओळीत २. स्पेस-बिटवीन होतं तेव्हा त्या दोन चौकटी दोन टोकांना गेल्या, मधे मैदान. मग ते काढून चौकटींना फ्लेक्स: १ १ २६० पिक्सेल दिलं. वरच्या दोन ओळी छान, शेवटच्या दोन चौकटी मात्र फुगून ५४० च्या झाल्या. कारण आता मला समजतं, उरलेली जागा त्या दोघींनी खाल्ली. उपाय समजत नाही.

दुसरं, खाली एक यादी आहे. डावीकडं छोटं चित्र, उजवीकडं फाइलीचं नाव आणि माहिती. आमच्या फाइलींची नावं 'लग्न_दोनभाषा_सोनेरीकिनार_अंतिम_२' अशी सलग. मोबाइलवर ते नाव चौकटीच्या बाहेर निघतं आणि पान पुन्हा आडवं सरकायला लागतं. मजकुराच्या डब्याला फ्लेक्स: १ दिलंय, तरी तो लहान व्हायला तयार नाही.

तिसरं बारीक आहे, कदाचित दुसऱ्या कुणाला दिसणारही नाही. शीर्षकाच्या ओळीत मराठी नाव मोठ्या टाइपात आणि शेजारी कन्नड नाव थोड्या लहान टाइपात आहे. अलाईन-आयटम्स: सेंटर दिलं तर कन्नड किंचित वर तरंगल्यासारखं दिसतं. पत्रिकेत मी असं कधीच जाऊ दिलं नसतं.

तिसरं रेल्वे गेट:

ताई, मी टिळकवाडीत राहते, बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तुमच्या प्रश्नांचं उत्तर दादा देतीलच, मी फक्त बघायची सोय सांगते. फायरफॉक्स किंवा क्रोममध्ये पानावर राइट क्लिक करून इन्स्पेक्ट उघडा. ज्या डब्याला डिस्प्ले: फ्लेक्स आहे त्याच्या नावापुढं 'फ्लेक्स' अशी छोटी चिठ्ठी दिसते. तिच्यावर क्लिक केलं की डब्यातल्या वस्तू आणि उरलेली जागा रेघांनी आखून दिसतात. काका म्हणतात ते क्वाड डोळ्यांना दिसतात असं समजा. फायरफॉक्समध्ये तर एखादी वस्तू निवडली की तिचं मूळ माप किती, ती वाढली किती किंवा आक्रसली किती, आणि कुठल्या मर्यादेला अडली, हे आकड्यांत लिहून येतं. तुमचा फाइलीच्या नावाचा डबा का लहान होत नाही ते तिथंच कळेल.

आणि हात बसायला फ्लेक्सबॉक्स फ्रॉगी नावाचा खेळ आहे, बेडकांना त्यांच्या पानांवर नेऊन बसवायचं. २४ पायऱ्या आहेत. माझ्या आईनं, तिला कोडचं काही माहीत नसताना, पहिल्या ९ पायऱ्या केल्या.

चोर्ला घाट:

ताई, तुमचे तिन्ही प्रश्न पहिल्या वेळेपेक्षा वरच्या इयत्तेतले आहेत.

शेवटच्या ओळीचा प्रश्न फ्लेक्सबॉक्सनं सोडवू नका. फ्लेक्सबॉक्स प्रत्येक ओळीची वाटणी वेगळी करतो, वरच्या ओळीत काय झालं ते खालच्या ओळीला माहीत नसतं. तुम्हाला उभे रकानेही जुळायला हवेत, आणि ते काम ग्रिडचं, म्हणजे सीएसएसमधल्या ओळी-रकान्यांच्या मांडणीचं. क्रोम आणि फायरफॉक्समध्ये ग्रिड मार्च २०१७ मध्ये आला, तेव्हा आता बिनधास्त वापरा. बाहेरच्या डब्याला डिस्प्ले: ग्रिड, आणि ग्रिड-टेम्प्लेट-कॉलम्सला रिपीट, त्यात ऑटो-फिल आणि मिनमॅक्स २६० पिक्सेल ते १ एफआर. अर्थ असा की प्रत्येक रकाना निदान २६० चा, जितके मावतील तितके रकाने, उरलेलं सगळ्यांना सारखं. शेवटच्या दोन चौकटी पहिल्या दोन रकान्यांतच बसतील, त्याच रुंदीच्या. आतल्या चौकटींचं कॉलम आणि मार्जिन-टॉप: ऑटो तसंच राहू द्या. बाहेर ग्रिड, आत फ्लेक्स, असं पान मी रोज करतो.

फाइलीच्या नावाचं. काकांनी सांगितलं की वस्तू आक्रसतात. पण त्यांना एक तळ असतो. फ्लेक्समधल्या वस्तूचं मिन-विड्थ सांगितलं नाही तर ऑटो असतं, म्हणजे आतल्या न तुटणाऱ्या सगळ्यात लांब शब्दापेक्षा ती लहान होत नाही. तुमचं नाव खालच्या रेघांनी जोडलेलं, ब्राउझरच्या लेखी तो एकच शब्द. फ्लेक्स: १ दिलं तरी हा तळ हलत नाही. मजकुराच्या डब्याला मिन-विड्थ: ० द्या आणि नावाला ओव्हरफ्लो-रॅप: ब्रेक-वर्ड. दोन्ही द्या. एकट्या ब्रेक-वर्डनं भागत नाही, यावर माझे एकदा चार तास गेलेत.

फ्लेक्स: १ चा विषय निघालाच आहे तर एक हिशेब मांडतो, कारण पुढं तुम्ही इथं येणारच. डबा १००० पिक्सेल, आत २०० च्या तीन चौकटी. उरले ४००. नुसतं फ्लेक्स-ग्रो १, १, २ दिलं तर ४०० चे चार वाटे होतात, आणि चौकटी ३००, ३००, ४०० च्या. म्हणजे २ दिल्यानं दुप्पट रुंदी होत नाही, उरलेल्यातला वाटा दुप्पट मिळतो. पण तेच फ्लेक्स: १, फ्लेक्स: १, फ्लेक्स: २ असं लिहिलंत तर सुरुवातीचं माप शून्य धरलं जातं, सगळे १००० वाटणीत येतात आणि चौकटी २५०, २५०, ५०० होतात. दिसायला एकच गोष्ट, आकडे वेगळे.

शीर्षकाचं तुम्हाला दिसलं याचा मला आनंद झाला, आमच्या ऑफिसात ते दाखवूनही पटत नाही. सेंटर हे दोन डब्यांच्या उंचीचा मध्य जुळवतं, अक्षरांचा नाही. कन्नडचं ओत्तक्षर, म्हणजे जोडाक्षरातलं खाली लिहिलेलं अक्षर, खाली लोंबतं, मराठीची वेलांटी आणि मात्रा वर जातात, त्यात टाइपाचं मापही वेगळं. अलाईन-आयटम्स: बेसलाइन द्या, दोन्ही मजकूर एकाच रेषेवर उभे राहतील. लाइन-हाइट थोडी मोकळी ठेवा, १.६ च्या आसपास, म्हणजे दोन ओळींच्या कन्नड नावात खालच्या ओळीला ओत्तक्षर लागणार नाही. आणि प्रत्येक मजकुराला एचटीएमएलमध्ये लँग हे ॲट्रिब्यूट, म्हणजे भाषेची खूण, लावा, मराठीला एमआर, कन्नडला केएन. दृष्टिहीन माणसाचा स्क्रीन रीडर त्यावरून आवाज बदलतो.

त्यावरून आठवलं, ऑर्डर नावाची प्रॉपर्टी तुमच्या नजरेस पडेल. तिच्यानं वस्तूंचा क्रम फक्त डोळ्यांपुरता बदलतो. स्क्रीन रीडर आणि टॅबची कळ फाइलीतल्या क्रमानंच जातात. दर आधी यायला हवा असेल तर एचटीएमएलमध्येच आधी लिहा.

शहापूर डीटीपी:

सगळं झालं. बेसलाइन दिल्याबरोबर कन्नड नाव खाली येऊन मराठीच्या शेजारी उभं राहिलं, तेव्हा खूप दिवसांनी वाटलं की हे माझंच काम आहे. ग्रिडमध्ये शेवटच्या दोन चौकटी डावीकडं, आपल्या मापात. फायरफॉक्समध्ये ती चिठ्ठी उघडून फाइलीच्या नावाचा डबा बघितला, त्यात खरंच लिहून आलं की तो किमान मापाला अडलाय. मिन-विड्थ: ० दिलं आणि आकडा बदलला. टिळकवाडीच्या ताई, तुझ्या आईला नमस्कार सांग, मी ११ व्या पायरीवर आहे.

सोमवारी सकाळी मालकांना काही न सांगता काउंटरवर माझाच मोबाइल ठेवला. त्यांनी उभा धरून बघितलं, आडवा धरून बघितलं, मग चष्मा काढून जवळून बघितलं. 'हे कन्नड बरोबर बसलंय बघ,' एवढंच म्हणाले. दुपारी खानापूरचे एक आजोबा नातीच्या लग्नासाठी आले होते, त्यांच्या हातात मालकांनी अल्बमऐवजी मोबाइल दिला. आजोबांनी बोटानं वर सारत सारत सातवा नमुना निवडला, दोन भाषांचा.

काका, तुमची स्टिक अजून घरात असेल तर तिचा एक फोटो पाठवाल का? पानाच्या तळपट्टीत डावीकडं तिच्यासाठी जागा ठेवलीय. फ्लेक्स-श्रिंक: ० देऊन.